पेन्सिलीतले सत्तावीस प्रश्न

अमरावतीहून आलेलं पार्सल प्रसेनजित तायडेनं स्टाफरूममध्ये उघडलं, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून आठवडाच झाला होता. आत तीनशे बारा पानांचा जाडजूड गठ्ठा होता. स्पायरल घातलेला, लेखकाचं नाव नसलेला. वर नुसतं 'स्थूल अर्थशास्त्र : प्राथमिक ओळख' एवढंच. सोबत विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तक समितीचं पत्र आणि एक छापील तक्ता. नव्या अभ्यासक्रमासाठी मराठीत पुस्तक काढायचं ठरलं होतं. मजकूर तपासायला पाच गावच्या कॉलेजांतले पाच प्राध्यापक निवडले होते. जळगाव जामोदमधून प्रसेनजितचं नाव गेलं होतं.

तक्त्यात दहा रकाने होते. विषयाची मांडणी, भाषा, उदाहरणं, आकृत्या, स्वाध्याय वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. तळाशी 'इतर अभिप्राय' म्हणून दोन ओळींची जागा. मुदत वीस दिवस.

असे तक्ते प्रसेनजितनं आधीही भरले होते. सात, आठ, आठ, सात. सगळीकडे आठ दिले की कुणी वाचलंच नाही असं वाटतं, म्हणून मध्येच एखादा सहा. तासाभराचं काम. पण तो काही कामचुकार मास्तर नव्हता. चौदा वर्षांत त्यानं तास बुडवल्याचं कुणी सांगितलं नसतं. त्याचा आवाज मोठा होता, अक्षर सुरेख होतं आणि तो स्वच्छ, मुद्देसूद नोट्स सांगायचा. 'तायडे सरांच्या नोट्स' तालुक्यात चालत. खेड्यांवरून येणारी पोरं त्याच नोट्स घोकून पास होत, आणि पास झालेल्यांपैकी दोघं-तिघं दरवर्षी पेढे घेऊन घरी येत.

मूळ प्रत कोरी परत पाठवायची होती. पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाच्या नोट्स काढायच्या तर एक प्रत आपल्याजवळ असलेली बरी, असा विचार करून तो संध्याकाळी बस स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला.

दुकान लहान होतं. बाहेर लोखंडी बोर्ड, 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म'. काउंटरवर तिशीच्या आसपासची एक बाई असायची, कधी तिचा नवरा राजकुमार. प्रसेनजितला ती 'झेरॉक्सवाली' म्हणून माहीत होती, त्याहून जास्त नाही. तिनं गठ्ठा चाळला.

"सर, याची स्पायरल काढा लागंन, मंग झेरॉक्स, मंग परत बसवा लागंन. आज स्कॉलरशिपच्या फॉर्माची गर्दी हाये. चार दिवसानं चालते का?"

"चालते," तो म्हणाला आणि घरी गेला.

पाचव्या दिवशी तो गेला तेव्हा राजकुमार एकटाच होता. त्यानं दोन्ही गठ्ठे पिशवीत घालून दिले. घरी येऊन प्रसेनजितनं झेरॉक्सची प्रत उघडली आणि बाराव्या पानावर थबकला. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'स्थूल म्हणजे लठ्ठ ना? विषयाला हे नाव कोणी ठेवलं?'

त्याला आधी रागच आला. कुणाच्या कागदांवर कुणी असं लिहितं का? त्यानं पटकन मूळ प्रत उघडून पाहिली. ती कोरी होती. पेन्सिल फक्त झेरॉक्सवर चालली होती. एकतिसाव्या पानावर एक वाक्य पाच ओळी चाललं होतं. त्याच्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: 'इथं दम लागला.'

त्याची बायको धम्मशीला ग्रामीण रुग्णालयात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि हसली.

"कोणी लिहिलं हे?"

"झेरॉक्सवालीनं, दुसरं कोण असंन."

"वाच बरं ते वाक्य मोठ्यानं."

त्यानं वाचलं. तिसऱ्या ओळीत त्यालाही श्वास घ्यावा लागला. धम्मशीला चहा ठेवायला गेली.

मग तो खुर्ची ओढून बसला आणि पानं उलटत फक्त पेन्सिल शोधत गेला. सत्तावीस ठिकाणी होती. काही नुसती प्रश्नचिन्हं. काही ठिकाणी 'समजलं' असं लिहून खाली दोन रेघा. त्रेसष्टाव्या पानावर पुस्तक सांगत होतं की जुनी वस्तू विकली तर ती विक्री राष्ट्रीय उत्पन्नात मोजत नाहीत, कारण ती वस्तू तयार झाली त्या वर्षी एकदा मोजून झालेली असते. समासात प्रश्न होता: 'आम्ही मशीन जुनं घेतलं, खामगावहून. ते मोजू नका. पण मधल्या माणसानं मशीन पाहून दिल्याचे पैसे घेतले, त्याचं काय? त्यानं तर काम याच वर्षी केलं.'

प्रसेनजित त्या प्रश्नाकडे बघतच राहिला. प्रश्न बरोबर होता. दलाली ही सेवा, ती मोजायचीच. पुस्तकात ती ओळ सुटली होती आणि एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेल्या त्याच्याही ते लक्षात आलं नसतं, कारण त्या पानाला तो आठ गुण देऊन पुढं गेला असता.

आणि मग पान अठ्ठ्याऐंशी आलं.

'सासूबाईची निराधारची पेन्शन राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत असं पुस्तक म्हणते. तायडे सरांच्या नोट्समध्ये धरतात असं आहे, शासकीय खर्चात. मी पेपरात धरतात असंच लिहिलं होतं. खरं कोणतं?'

त्यानं उठून कपाटातलं आपलं रजिस्टर काढलं. कोपरे मऊ पडलेलं, निळ्या कव्हरचं. प्रकरण तीन, मुद्दा चौथा. त्याच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: 'शासकीय खर्चात कर्मचाऱ्यांचे वेतन, रस्ते व धरणे यांवरील खर्च, निराधार वेतन आणि शिष्यवृत्त्या यांचा समावेश होतो.'

दोन संदर्भग्रंथ काढून पाहिले. दोन्हींत तेच होतं जे पुस्तकात होतं. निराधाराची पेन्शन, पोरांची शिष्यवृत्ती ही हस्तांतरित देणी. त्याच्या बदल्यात त्या वर्षी काही तयार होत नाही. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, बस. ती मोजायची नसतात.

आणि हे त्याला माहीत होतं. हीच तर गंमत होती. समोर बसून कुणी विचारलं असतं तर त्यानं बरोबर उत्तर दिलं असतं, वर कारणही सांगितलं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईघाईनं कुठल्या तरी गाईडवरून त्यानं ते रजिस्टर उतरवून काढलं होतं. पुढं चौदा वर्षं डोळे ओळीवरून फिरत होते, तोंड सांगत होतं, आणि डोक्याचा या व्यवहाराशी संबंधच आला नव्हता. एका वर्गात नव्वद पोरं. त्यानं चौदाशी गुणायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास झाल्यावर तो दुकानात गेला. ती एकटीच होती. त्याच्या हातातली प्रत पाहून तिचा चेहरा उतरला.

"थे खोडाचं राहून गेलं सर. खोडूनच देणार होती मी. काल तुमी आले तवा मी जेवाले गेली होती, यायनं तसाच गठ्ठा देऊन टाकला. नवीन कागद लावून परत काढून देते. पैसे नोका देऊ."

"नको. मी त्याच्यासाठी नाई आलो. तुमी माह्या वर्गात होत्या?"

"हाव. दोन हजार चौदाची बॅच. तवा मी रेणुका वाघ होती. आता उमाळे." ती जरा थांबली. "नव्वद पोरं असत सर, तुमच्या कुठून ध्यानात राहीन."

"आणि पेपर?"

"तीन मार्कानं गेला. परत बसली तं पाच मार्कानं गेला. मंग लग्न झालं."

"तो पेन्शनचा प्रश्न होता त्याच्यात?"

"पहिल्या वक्ती होता. पाच मार्काचा. नोट्समंधलं जसंच्या तसं लिहलं होतं म्या."

प्रसेनजितनं काउंटरवर हात टेकले. येताना रस्त्यात त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते आता आठवेना.

"थे चुकीचं होतं," तो म्हणाला. "पुस्तक बरोबर हाये. चूक माही हाये, तुमची नाई."

मशीनचा खालचा कप्पा ओढून रेणुकानं त्यात कागद भरला, कडा जुळवल्या, कप्पा आत ढकलला. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "एकच प्रश्न नव्हता सर तो. बाकीचंबी मले कुठं येत होतं. पाठच केलं होतं समदं."

हे तिनं त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. पण त्याला ते जास्तच लागलं.

तिनं मागच्या फळीवरून एक प्लास्टिकची फाइल काढली. आत त्याच्याच नोट्स होत्या, कुणा पोरीच्या वहीतून उतरलेल्या, वर्षानुवर्षं झेरॉक्स होऊन फिक्या पडलेल्या. दर वर्षी परीक्षेआधी तीस-चाळीस संच जातात, रेणुका म्हणाली, याच फाइलवरून. प्रसेनजितनं खिशातला पेन काढला, प्रकरण तीनमधली ती ओळ शोधली, 'निराधार वेतन आणि शिष्यवृत्त्या' यावर काट मारली आणि समासात कारण लिहिलं. रेणुकानं ते वाचलं.

"बदल्यात काही तयार होत नाई म्हनून," ती म्हणाली. "हे एवढंच होतं व्हय?"

"एवढंच."

"मंग थे तवाच सांगतलं असतं तं पाठ करावं नसतं लागलं."

स्टँडवरून नांदुऱ्याची बस निघाली. त्यानं पेन खिशात ठेवला आणि झेरॉक्सची प्रत चाळली. मग त्यानं विचारलं, "तुमचे प्रश्न एकशे चाळीस पानापर्यंत हायेत. पुढचं काऊन नाई वाचलं?"

"येळ नाई भेटला. चारच दिवस होते ना."

"अजून चौदा दिवस हायेत. पुढचं वाचता का? जिथं अडते तिथं लिहा. खोडू नोका."

रेणुकानं त्याच्याकडे नीट पाहिलं, मस्करी तर नाही ना म्हणून. मग पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "गिऱ्हाईक नसंन तवाच वाचीन," ती म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी कॉलेज सुटल्यावर प्रसेनजित दुकानात डोकावू लागला. रेणुकानं त्याच्यासाठी आत एक स्टूल ठेवलं. ती फॉर्म भरता भरता, आधार कार्डांना प्लास्टिक चढवता चढवता प्रश्न विचारायची. मध्येच कुणी आलं की 'थांबा सर' म्हणायची आणि काम आटोपून नेमकी त्याच वाक्यावर परत यायची. सगळे प्रश्न बरोबरच असत असं नव्हे. चलनवाढीच्या प्रकरणात तिनं एका परिच्छेदावर मोठी फुली मारून ठेवली होती.

"हे साफ खोटं हाये," ती म्हणाली. "पुस्तक म्हन्ते, भाववाढीचा दर आठ टक्क्यांवरून चारवर आला. आन् खालीच म्हन्ते, तरी वस्तू महागच होत राहिल्या. दर कमी झाला तं भाव उतराले नाई पायजेत?"

"नाई."

"काऊन?"

प्रसेनजितनं पुस्तकातली व्याख्या सांगून पाहिली. मग आकृती काढून पाहिली. रेणुका मान हलवत राहिली, नकारार्थी. त्यानं बाहेर बघितलं. शेगावची बस स्टँडच्या फाटकातून आत वळत होती.

"थे बस पाहा," तो म्हणाला. "मंघाशी रस्त्यावर जोरात येत होती. आता हळू झाली. हळू झाली म्हंजे मागं जाऊन राह्यली का?"

रेणुकानं बस बघितली. बस फलाटाशी येऊन थांबेपर्यंत बघितली.

"नाई. पुढंच येऊन राह्यली. हळूहळू." तिनं खोडरबर घेऊन फुली पुसली. "आता थांबली. म्हंजे दर शून्य. मागं घेतली तरच भाव उतरन."

"हाव."

"हे पुस्तकात काऊन नाई?"

त्यालाही ते कळेना. त्याच्या रजिस्टरातही ते नव्हतं. चौदा वर्षांत त्याला ते सुचलंच नव्हतं, कारण 'काऊन' असं कुणी विचारलंच नव्हतं. किंवा विचारायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. तो सांगायचा आणि पोरं लिहायची, तासाची घंटा होईपर्यंत.

गुणकाच्या प्रकरणावर त्यांचं दोन दिवस भांडण चाललं. पुस्तकात म्हटलं होतं, सरकारनं गावात रस्ता बांधला की मजुराला मजुरी मिळते, तो किराणा घेतो, किराणावाला कपडे घेतो, आणि एका खर्चातून किती तरी पट उत्पन्न तयार होतं. रेणुकाचं म्हणणं, हे कागदावर ठीक आहे. इथं मजुराच्या हातात आलेला पैसा दुसऱ्याच दिवशी मोबाईलवरून बाहेरगावी जातो. कपडे सुरतेचे, मोबाईल कुठला कोण जाणे. गावात फिरतोच कुठं तो? प्रसेनजित म्हणाला, हे पुस्तकात आहे, पुढच्या प्रकरणात, 'गळती' म्हणून. तिनं तिथल्या तिथं पानं उलटून ते शोधलं, वाचलं आणि अगदी समाधानानं खाली दोन रेघा मारल्या.

"मंग हे दोन प्रकरणं लांब लांब काऊन ठेवले? मानूस मधीच पुस्तक बंद करन, आन् जलमभर चुकीचं धरून बसन."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तिच्याच शब्दांत.

मुदतीला चार दिवस उरले असताना अमरावतीहून समितीचे अध्यक्ष डॉ. उत्तमराव खेडकर यांचा फोन आला. प्रसेनजित त्यांना दोन-तीन परिषदांमध्ये भेटलेला होता. गोड बोलणारा माणूस.

"तायडे, चौघांचे तक्ते आले. सगळ्यांनी छान गुण दिलेत. आता तुमच्याचसाठी अडलंय."

"सर, मी सविस्तर लिहितो आहे."

"सविस्तर कशाला? दहा आकडे तर लिहायचे."

त्यानं आकडे लिहिले. मांडणीला सहा, आकृत्यांना आठ, अचूकतेला आठ, भाषेला चार. आणि तक्त्याला हातानं लिहिलेली बारा पानं जोडली. कुठलं वाक्य कुठं तोडायला हवं, जुन्या वस्तूच्या विक्रीत दलालीचं काय, गुणक आणि गळती शेजारी शेजारी का हव्यात, महागाईच्या परिच्छेदात बसचं उदाहरण. पुस्तक चांगलं आहे, असंही त्यानं लिहिलं, आणि ते मनापासून लिहिलं. ज्यानं लिहिलंय त्याला विषय कळतो. फक्त वाचणारा समोर बसलेला आहे, हे त्याला मधूनमधून आठवत नाही. शेवटच्या दोन ओळींच्या जागेत त्यानं लिहिलं: 'या मूल्यमापनात श्रीमती रेणुका उमाळे, वाचक, जळगाव जामोद, यांचा निम्म्याहून अधिक वाटा आहे.'

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी उत्तमरावांचा आवाज गोड नव्हता.

"तायडे, या उमाळे बाई कोण? कुठल्या कॉलेजच्या?"

"कॉलेजच्या नाहीत सर. माझ्या माजी विद्यार्थिनी आहेत. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"पत्र वाचलं होतं का तुम्ही? शेवटची ओळ? हस्तलिखित गोपनीय आहे, बाहेरच्या कुणाला दाखवायचं नाही, प्रत काढायची नाही. तुम्ही दोन्ही केलंत. नियमानं तुमचा अभिप्राय बाद होतो."

प्रसेनजितनं पत्र वाचलं नव्हतं, तारखेपुरतंच बघितलं होतं. तो तसं म्हणाला.

"हे बघा," उत्तमराव जरा नरमून म्हणाले, "तुमची बारा पानं मी वाचली. बाकीच्या चौघांचे आकडे एकीकडे आणि ही पानं एकीकडे. ती वाया जाऊ नयेत असं मलाही वाटतं. ती शेवटची ओळ काढून तक्ता पुन्हा पाठवा. मी जुना फाडून टाकतो. प्रत नष्ट करा. विषय संपला."

तो दुपारी दुकानात गेला आणि त्यानं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. नाव काढलं तर आपल्यालाच खोटं वाटेल, असंही म्हणाला. नाव ठेवलं तर सगळंच जाईल.

रेणुका कुणाचं तरी रेशन कार्ड स्कॅन करत होती.

"नाव काढा," ती म्हणाली. "नावाचं मी काय करू? प्रश्न राहू द्या."

"तुमाले वाईट नाई वाटणार?"

"वाटन थोडंसं." तिनं रेशन कार्ड काढून गिऱ्हाइकाला दिलं. "पन प्रश्न गेले तं जास्त वाटन. थे बसचं तं राहिलंच पायजे."

त्यानं ओळ काढून नवा तक्ता पाठवला. प्रत मात्र त्यानं स्वतः नष्ट केली नाही. ती दुकानात आणून दिली. रेणुकानं स्पायरल ओढून काढली आणि पानं चार-चार फाडत पोत्यात भरली. पेन्सिलीची पानं फाडतानाही तिचा हात थांबला नाही. प्रसेनजितच दुसरीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो द्वितीय वर्षाच्या वर्गात गेला आणि रजिस्टर न उघडता म्हणाला, "प्रकरण तीन काढा. मुद्दा चौथा. तिथं शेवटचे शब्द आहेत, निराधार वेतन आणि शिष्यवृत्त्या. ते खोडा."

वह्या उघडल्या. काहींनी एकमेकांकडे बघितलं.

"ते चुकीचं आहे. मी चौदा वर्षं चुकीचं सांगत आलो. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं मला ते दाखवून दिलं. आता का खोडायचं ते सांगतो, आणि कळलं नाही तर मध्येच थांबवा."

त्यानं कारण सांगितलं. आसलगावहून येणारी छकुली नावाची एक बारीक मुलगी मागच्या बाकावरून उभी राहिली. एरवी ती हजेरीपुरतीच बोलायची.

"सर, आमी हे बरोबर लिहलं, पन पेपर तपासणाऱ्यानं तुमच्या जुन्या नोट्सनंच शिकलं असंन तं?"

वर्ग हसला. प्रसेनजितही हसला, पण ते हसणं जिरल्यावर त्याला कळलं की पोरगी काही चुकीचं बोललेली नाही. त्या संध्याकाळी त्यानं आसपासच्या तालुक्यांतल्या सात प्राध्यापकांना, जे एकेकाळी त्याचे विद्यार्थी होते किंवा त्याच्या नोट्स वापरत होते, एकेक फोन लावला. दोघांनी उचलला नाही. एकानं 'ठीक आहे सर' म्हणून विषय बदलला. चौघांनी वही काढून पाहिली आणि तीच ओळ त्यांच्याकडेही सापडली.

तासाची पद्धत बदलणं मात्र फोन करण्याइतकं सोपं नव्हतं. नोट्स न सांगता बोलायला लागला की वर्गात चुळबूळ व्हायची. परीक्षा जवळ आलेली होती, पोरांना लिहून घ्यायला काहीतरी हवं होतं. शेवटी त्यानं अर्धा तास सांगायचं आणि अर्धा तास विचारायचं असं ठरवलं. पहिले काही दिवस त्या अर्ध्या तासात कुणीच काही विचारलं नाही. तो खिडकीशी उभा राहून सातपुड्याकडे बघत वाट पाहायचा. हळूहळू एक-दोन हात वर येऊ लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. तो दुकानातच होता, प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला आलेला. पलीकडे एक बाई बोलत होत्या, डॉ. सुवर्णा राऊत, यवतमाळच्या. ते पुस्तक त्यांनी लिहिलेलं होतं.

"काम संपल्यावर मी उत्तमराव सरांकडून तुमचा नंबर घेतला," त्या म्हणाल्या. "तुमच्या बारा पानांवरून चार प्रकरणं पुन्हा लिहिली मी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं होतं, खरं सांगते. भाषेला चार. मग मोठ्यानं वाचून बघितलं आणि माझाच श्वास अडकला. एक विचारायचं होतं. तो दलालीचा मुद्दा. इतकी वर्षं शिकवते, कधी डोक्यात आला नाही. तुम्हाला कसा सुचला?"

प्रसेनजितनं काउंटरच्या पलीकडे पाहिलं. रेणुका कागद मोजत होती.

"मला नाही सुचला मॅडम," तो म्हणाला. "ज्यांना सुचला त्या इथं समोर आहेत. देतो."

त्यानं फोन पुढं केला. रेणुकानं हात पदराला पुसले, खुणेनंच 'कोण?' विचारलं. "पुस्तकवाल्या," तो म्हणाला. तिनं फोन कानाला लावला आणि आधी नुसतं ऐकलं.

"हाव. हाव म्याडम. थे मशीन आमी खामगावहून घेतलं होतं ना, त्याच्यावरून." ती ऐकत राहिली. दुकानात दोन पोरं फॉर्म घेऊन आली होती, तिनं त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. "मी? नाई, मी प्रोफेसर नाई. बी.ए. सेकंड इयर नापास हाये मी. याच इषयात."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. रेणुकाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. तिनं प्रसेनजितकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत ऐकू लागली.

"पाठवा ना," ती शेवटी म्हणाली. "चारी प्रकरणं पाठवा. पन म्याडम, गोपनीय असंन तं आधी इचारून घ्या, सरायले लई बोलनं बसलं होतं." मग ती पुन्हा थांबली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "आन् एक इचाराचं राहूनच गेलं होतं तवा. बँकेच्या प्रकरणात तुमी म्हन्ता, बँक ठेवीतून कर्ज देते. आन् पुढच्याच पानावर म्हन्ता, कर्ज दिलं की ठेव तयार होते. आधी काय होते यातलं? नाई, मले समजलं नाई म्हनून नाई. थे तुमचंच पक्कं झालेलं दिसत नाई."

पोरांपैकी एकानं घड्याळ बघितलं. प्रसेनजितनं काउंटरच्या आत जाऊन त्यांचे फॉर्म घेतले आणि मशीनचं झाकण उघडलं. कागद कुठल्या बाजूनं पालथा ठेवायचा ते त्याला कळेना. रेणुकानं बोलता बोलताच हात लांब करून तो सरळ केला.